जुना ड्राय रॉक खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये वापरण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेला ड्राय रॉक, म्हणजे समुद्री मत्स्यालयात (टँकमध्ये) रचायचा वाळलेला, भोकाभोकांचा दगड, घरी आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कशात भिजवू?’ त्याआधी ‘हा दगड इतके दिवस कुठे होता?’ हे विचारलं, तर निम्मं काम आणि बरीचशी रसायनं वाचतात. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत: आधी दगडाचा इतिहास, मग त्यानुसार उपाय, आणि शेवटी टेस्ट किटचा निकाल.

दगड तर खडखडीत वाळलेला आहे. मग साफ कशाला करायचा?

वाळल्यामुळे त्यावरचे जीव मेले, पण ते गेले कुठेच नाहीत. दगडाच्या भोकाभोकांत स्पंज, किडे, शेवाळ, शिंपल्यांचं मांस असं सगळं वाळून चिकटलेलं असतं. दगड पुन्हा ओला झाला की ते कुजायला लागतं आणि त्यातून अमोनिया आणि शेवाळाचं खाद्य असलेला फॉस्फेट सुटतात. ही झाली पहिली अडचण.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. हे दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पृष्ठभाग पाण्यातला फॉस्फेट धरून ठेवतो. जुन्या मालकाच्या टँकमध्ये वर्षानुवर्षं फॉस्फेट जास्त राहिला असेल, तर तो दगडात साठलेला आहे. कितीही घासला तरी तो निघत नाही.

तिसरी अडचण औषधांची, म्हणजे मुख्यतः तांब्याची. तिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि घोळ होतो तो इथेच. ब्लीच पहिल्या अडचणीवर चालतं, दुसरीवर नाही. ॲसिड दुसरीवर थोडंफार चालतं, पहिलीवर फारसं नाही. तिसरीवर दोन्ही भरवशाचे नाहीत.

विकणाऱ्याला नेमकं काय विचारावं?

टँक का बंद केला, हे सगळ्यात आधी. ‘घर बदललं’ आणि ‘शेवाळाला कंटाळलो’ ही दोन फार वेगळी उत्तरं आहेत. मग विचारा: माशांना कधी तांब्याचं औषध याच टँकमध्ये दिलं होतं का? दगड टँकमधून काढल्यावर धुऊन वाळवले, की तसेच खोक्यात भरले? त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांचे नातेवाईक, यांतले काही विषारी) होते का? शेवटचा प्रश्न बरेचजण विसरतात, आणि तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तर वाईटात वाईट शक्यता धरून चालावं.

दगड हातात आल्यावर काय तपासायचं?

आधी वास घ्या. समुद्राचा हलका वास चालेल. सडका, उग्र वास येत असेल तर आत बराच मळ आहे. मग उजेडात फिरवून बघा. वाळून काळपट झालेली शेवाळाची साल, चामड्यासारखे तपकिरी पट्टे, पांढऱ्या टणक नळ्या, रंगीत एपॉक्सीचे गोळे, केबल टाय, गंजाचे डाग, काय काय आहे ते नोंदवून ठेवा. पांढऱ्या टणक नळ्या बऱ्याचदा व्हर्मेटिड गोगलगायींच्या असतात. गोगलगाय मेली तरी नळी तशीच राहते आणि हाताला कापते, म्हणून पकडीने तोडून टाकावी.

लोखंडाचा संशय असेल तर दगडावरून चुंबक फिरवा. दगड नेमका कशाचा आहे याची खात्री नसेल तर कोपऱ्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट आहे. काहीच झालं नाही, तर तो दुसऱ्या जातीचा दगड, सिरॅमिक किंवा रेझिनचा नग असू शकतो, आणि मग त्याला ॲसिड दाखवण्यात अर्थ नाही.

जांभळा रंग दिसला म्हणून खूश होऊ नका आणि घाबरूही नका. कोरलाइन, म्हणजे दगडावर चढणारं जांभळं टणक शेवाळ, मेलं तरी त्याचा रंग काही काळ टिकतो. काही दगड मात्र कारखान्यातच जांभळे रंगवलेले असतात. ते ब्लीचमध्ये किंवा ॲसिडमध्ये घातले तर रंग उडतो, एवढंच.

वाळलेल्या दगडातून ऐप्टेशिया किंवा शेवाळ पुन्हा उगवू शकतं का?

दगड आतपर्यंत वाळला असेल तर ऐप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल), किडे, खेकडे, मँटिस कोळंबी यांतलं काही उरत नाही. अडचण ‘आतपर्यंत’ या शब्दाची आहे. मोठा, जड, खोल भोकांचा दगड वरून वाळलेला दिसतो आणि मधे ओल असते. ऐप्टेशियाचा तर पायाचा एवढासा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. शेवाळ त्याहून चिवट. म्हणून ‘महिनाभर गच्चीत होता’ असं कोणी सांगितलं तरी ज्या टँकमध्ये ब्रायोप्सिस किंवा बबल अल्गी या शेवाळांचा उपद्रव होता, त्यातला दगड ब्लीचमधून काढल्याशिवाय मी वापरणार नाही.

दगड उकळून घेतला तर सगळंच मरेल ना?

उकळू नका. ओव्हनमध्ये भाजू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, वाफेच्या मशीननेही धुऊ नका. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहायला हवं.

कारण पॅलिटॉक्सिन. पॅलिथोआ आणि काही झोअँथिड या प्रवाळांच्या नातेवाइकांमध्ये हे विष असतं. १९७१ मध्ये हवाईतले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी ते वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. ज्ञात नैसर्गिक विषांपैकी हे अत्यंत जहाल विष आहे. ते पेशींच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवतं, त्यामुळे स्नायू, हृदय, श्वसन या सगळ्यांवर परिणाम होतो. उष्णतेने ते सहजी नष्ट होत नाही. दगड उकळला की ते वाफेतल्या सूक्ष्म थेंबांबरोबर हवेत येतं आणि घरातले सगळे ते श्वासातून ओढतात. दगड उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने धुतल्यामुळे अख्खं कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. ताप, खोकला, धाप, छातीत दुखणं, तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव ही लक्षणं दिसतात. अशा वेळी घरी थांबून वाट बघायची नाही. डॉक्टरकडे जायचं आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द उच्चारून सांगायचा, कारण आपण सांगितल्याशिवाय तो कोणाच्या डोक्यात येणं कठीण आहे.

प्राणी वाळला म्हणून विष संपत नाही. म्हणूनच चामड्यासारखे तपकिरी पट्टे दिसले, तर ते कोरडे खरवडायचे नाहीत, ड्रिल किंवा छिन्नी लावायची नाही, धूळ उडू द्यायची नाही. ब्लीचने हे विष निकामी होतं. त्यामुळे अशा दगडासाठी नेहमीचा क्रम उलटा करा: आधी ब्लीचमध्ये भिजवणं, मग ओला असतानाच घासणं. आणि हातमोजे व चष्मा तरीही घालायचेच.

उकळण्याचा आणखी एक धोका आहे. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. पण पहिल्या कारणापुढे हे किरकोळच.

नुसतं घासून आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन भागेल का?

इतिहास चांगला असलेल्या दगडाला कधीकधी भागतं. नसेल तर ही फक्त पूर्वतयारी. जितका मळ हाताने निघेल तितकं पुढे ब्लीच कमी लागतं. नायलॉनचा ताठ ब्रश वापरा. तारेचा नको, त्याचे तुटलेले केस भोकांत अडकतात आणि पुढे खाऱ्या पाण्यात गंजतात. फवारा मारताना शिंतोडे तोंडावर येतातच, म्हणून पॅलिथोआचा जराही संशय असेल तर फवारा ब्लीचनंतर.

ब्लीचमध्ये नेमकं कसं भिजवायचं?

साधं द्रव ब्लीच घ्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ५ ते ६ टक्क्यांचं. सुगंधी नको, फेसाचं नको, ‘शिंतोडे न उडणारं’ घट्ट ब्लीचही नको, कारण त्यात इतर रसायनं मिसळलेली असतात. बाटलीवरची तारीख बघा. ब्लीच पडून राहिलं की त्याची ताकद कमी होते, उन्हात राहिलं तर आणखी लवकर.

प्लॅस्टिकचं पिंप, गोडं पाणी, दहा भाग पाण्याला एक भाग ब्लीच. खारं पाणी का नको? त्यातल्या ब्रोमाइडशी ब्लीचची क्रिया होऊन ब्रोमीनची संयुगं तयार होतात. ती निस्तरत बसण्याची गरज नाही. धातूची बादली नको. पिंप उघड्यावर ठेवा, कारण कुजलेल्या मळातला नायट्रोजन आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरामाइनचे झोंबरे वायू निघतात. दगड पूर्ण बुडायला हवेत, आणि आत हलका पंप ठेवता आला तर पाणी भोकांमधून फिरत राहतं. ब्लीचमधून काढलेल्या पंपाची सीलं, रबर पुढे भरवशाची राहत नाहीत, म्हणून या कामासाठी टाकाऊ पंपच घ्यावा. अंगावर जुने कपडे घाला, शिंतोडा पडला की रंग गेलाच.

किती वेळ? हलक्या मळाला एक-दोन दिवस, घाण दगडाला आठवडाभर. घड्याळापेक्षा पाणी बघा. दुसऱ्या दिवशी ब्लीचचा वासच उरला नसेल आणि पाणी पिवळट-तपकिरी झालं असेल, तर ब्लीच संपलंय आणि मळ उरलाय. पाणी टाका, दगड घासा, नवीन द्रावण करा. दुसऱ्या फेरीत पाणी स्वच्छ राहिलं आणि वास टिकून राहिला, की काम झालं. एकाच फेरीत दुप्पट ब्लीच ओतण्यापेक्षा दोन साध्या फेऱ्या केव्हाही बऱ्या.

ब्लीच दगडात राहिलं आणि मासे मेले तर?

ही भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात क्लोरीन काढणं या पूर्ण कामातला सोपा भाग आहे. दगड दोन-तीन वेळा पाण्याने धुवा, मग एक-दोन दिवस डीक्लोरिनेटर घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. सोडियम थायोसल्फेट हे त्यासाठीचं जुनं आणि स्वस्त रसायन. नंतर उन्हात पूर्ण वाळू द्या. ऊन क्लोरीन मोडतं. शेवटी साध्या पाण्यात दिवसभर ठेवून ते पाणी पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीन पट्टीने तपासा. पट्टीवर शून्य आणि नाकाला वास नाही, दोन्ही जुळलं की पुढे जा.

वापरलेलं ब्लीचचं पाणी झाडांच्या मुळाशी, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. त्यातही थायोसल्फेट घालून क्लोरीन संपवा आणि मगच टाका.

हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल का?

चालतं, पण फार घाण दगडाला पुरत नाही. ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड शेवाळाच्या डागांवर चांगलं काम करतं आणि शेवटी पाणी व ऑक्सिजन एवढंच उरतं. दोन-चार छोटे दगड असतील तर ठीक. पिंपभर दगडांना मी ब्लीचच घेईन.

ॲसिड बाथ द्यायलाच हवा का?

नाही. माझ्या मते गरज नसताना सर्वाधिक वापरला जाणारा उपाय हाच आहे. फसफस दिसते, पाणी ढवळतं, दगड पांढराशुभ्र होऊन बाहेर येतो आणि फार मोठं काम झाल्यासारखं वाटतं. ॲसिड करतं एवढंच की दगडाचा बाहेरचा थर विरघळवतं. त्या थरातला फॉस्फेट, चिकटलेलं कोरलाइन, बुजलेली भोकं हे सगळं जातं. खोल आतला फॉस्फेट राहतो, आणि दगडाचे बारीक कंगोरेही झिजतात.

मग कधी द्यावा? फॉस्फेटची चाचणी घेतल्यावर आकडा फारच वर असेल तेव्हा, किंवा दगडाची भोकं जुन्या चुन्याच्या थराने अगदी बुजून गेली असतील तेव्हा. दगड ब्लीचमधून स्वच्छ निघाला आणि चाचणीत फॉस्फेट कमी आला, तर ॲसिडची बाटली उघडूही नका.

द्यायचाच ठरवला तर सुरक्षितपणे कसा द्यायचा?

घराबाहेर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, लांब बाह्या, पायात बंद बूट. शेजारी पाण्याची चालू नळी आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण तयार ठेवा. सायकल, हत्यारं, लोखंडी कपाट जवळ असेल तर हलवा, या ॲसिडच्या वाफांनी लोखंड भराभर गंजतं.

पिंपात आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीही नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजेच म्युरिॲटिक ॲसिड, साधारण ३१ टक्क्यांचं मिळतं. दहा भाग पाण्याला एक भाग पुरेसं होतं. फरशी किंवा संडास साफ करायच्या रंगीत, सुगंधी, घट्ट ॲसिड-क्लीनरला हात लावू नका. दगड एकेक करून हळू बुडवा. सगळे एकदम टाकले तर फेस उसळून काठावरून बाहेर येतो.

थोडा हिशेब केला की अंदाज येतो. अशा एक लीटर ॲसिडमध्ये सुमारे अर्धा किलो कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि सव्वाशे लीटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. म्हणजे दहा किलो दगडांवर एक लीटर ॲसिड संपवलं तर वीसात एक भाग दगड गेला. बंद गॅरेजमध्ये हे का करू नये, तेही यातूनच कळतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो.

दहा-पंधरा मिनिटांत फसफस मंदावते. दगड काढा, भरपूर पाण्याने धुवा, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा. तिथे आणखी बुडबुडे आले तर आत ॲसिड होतं असं समजायचं. बुडबुडे थांबेपर्यंत सोडा घालत राहा. उरलेल्या ॲसिडच्या पाण्यातही सोडा किंवा तुटक्या दगडांचा चुरा टाका, फसफस पूर्ण थांबली की ते निष्प्रभ झालं.

ब्लीच आणि ॲसिड एकाच पिंपात टाकून काम लवकर उरकलं तर?

त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो जीव घेऊ शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगरही नको, अमोनियाही नको. ब्लीचनंतर ॲसिड द्यायचं असेल, तर मधे डीक्लोरिनेटर, भरपूर धुणं आणि पूर्ण वाळवणं झालंच पाहिजे. पिंपही धुतलेलं, शक्यतो वेगळंच.

हायड्रोक्लोरिकची भीती वाटते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व वापरू का?

भीती वाटणं चांगलंच. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड ५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ते मंद चालतं. न पातळ करता वापरलं आणि दिवसभर ठेवलं तर वरचा थर थोडा निघतो. लहान दगडांना ठीक. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, याची एक खोड आहे: त्याचं कॅल्शियमशी मिळून कॅल्शियम सायट्रेट बनतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि दगडावर पांढरी पूड बनून बसतं. दोन्हींचा उरलेला अंश हा सेंद्रिय असतो. नीट धुतला नाही तर पुढे जिवाणूंना खाद्य मिळून पाणी धुरकट होतं.

दगडात फॉस्फेट किती आहे हे कसं कळणार?

दगडाकडे बघून कळत नाही, पाण्याकडे बघून कळतं. साफ केलेले दगड नव्याने कालवलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२६ अंश सेल्सिअस, पंप चालू, आणि पिंप अंधारात. उजेड असेल तर शेवाळ फॉस्फेट खाऊन टाकतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. सुरुवातीचा फॉस्फेट मोजून ठेवा, आठवड्याने पुन्हा मोजा.

समजा ०.०५ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) आसपास राहिला, तर विषय संपला. ०.५ किंवा १ पीपीएमवर गेला, तर पूर्ण पाणी बदला आणि पुन्हा आठवडाभर थांबा. दगड आणि पाणी यांच्यात देवाणघेवाण चालू असते. पाण्यातला फॉस्फेट कमी केला की दगड आपल्याजवळचा सोडतो आणि काही दिवसांत आकडा पुन्हा वर येतो. म्हणूनच पाणी बदलल्या दिवशीची चाचणी काहीच सांगत नाही. बदलल्यानंतर आठ-दहा दिवसांनी आकडा कुठे स्थिरावतो ते बघायचं. प्रत्येक फेरीत तो खाली येत असेल तर दगड रिकामा होतोय.

उद्दिष्ट शून्य ठेवू नका. प्रवाळांच्या टँकमध्ये बहुतेक लोक ०.०३ ते ०.१ पीपीएम फॉस्फेट ठेवायचा प्रयत्न करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलेल्या नव्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेटचा चिकट तपकिरी थर पसरण्याचा धोका असतो, आणि त्याच्या तुलनेत थोडं हिरवं शेवाळ परवडतं.

पाणी बदलून बदलून थकलो. दुसरा काही मार्ग?

लँथनम क्लोराइड. ते फॉस्फेटशी जोडलं जाऊन न विरघळणारा लँथनम फॉस्फेट बनतो आणि पाण्यात पांढरट धूसर दिसतो. पिंपात मासे, प्रवाळ काही नसताना हे वापरणं सोपं आहे. त्या सूक्ष्म कणांचा माशांच्या कल्ल्यांना त्रास होण्याची भीती असते, म्हणून टँक वसल्यावर करण्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं. पातळ करून थेंबथेंब सोडा, पाणी ५ ते १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) फिरू द्या आणि सॉक वरचेवर धुवा. लँथनम कार्बोनेटशीही जोडलं जातं, त्यामुळे पाण्याची अल्कलिनिटी घसरते. रिकाम्या पिंपात त्याची चिंता नाही. आकडा स्थिर झाला की दगड ताज्या खाऱ्या पाण्यात खळखळून घ्या, म्हणजे साचलेली पांढरी पूड निघेल.

लोहयुक्त माध्यम, म्हणजे जीएफओ, हेही चालतं. गच्च भरलेल्या दगडांपुढे ते भराभर संपतं आणि खर्चिक पडतं, म्हणून मी ते शेवटच्या थोड्या फॉस्फेटसाठी राखून ठेवेन.

पूर्वी टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलं होतं असं कळलं. आता?

त्या दगडांवर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी ठेवायच्या असतील तर सरळ नाही म्हणा. कॅल्शियम कार्बोनेट तांबं शोषतं आणि नंतर सावकाश सोडत राहतं. माशांच्या उपचारात साध्या आयनिक तांब्याची पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम ठेवतात, आणि अपृष्ठवंशी प्राणी त्याहून कितीतरी कमी पातळीलाही तग धरत नाहीत. दगड पाण्यात ठेवून तांब्याची टेस्ट करता येते, पण ‘शून्य’ आलं तरी हायसं वाटून घेऊ नका. आज सुटलं नाही ते पुढे पीएच उतरल्यावर सुटू शकतं. फक्त माशांचा टँक करायचा असेल तर असे दगड चालतात.

क्युअरिंग म्हणजे वेगळं काही करायचं असतं का?

क्युअरिंग म्हणजे दगडात उरलेलं कुजून निघून जाईपर्यंत तो खाऱ्या पाण्यात ठेवणं. फॉस्फेटसाठी जे पिंप मांडलं तेच क्युअरिंगचं पिंप. तिथेच अमोनियाही मोजायचा. ब्लीच केलेल्या दगडातून अमोनिया फारसा येत नाही. वर चढला तर आत अजून काही कुजतंय असं समजा: दगड पिंपात हलवून मळ झटका, तळाचा गाळ नळीने ओढून काढा, पाणी बदला. ब्लीच न केलेल्या घाण दगडाला इथे चार ते आठ आठवडे सहज लागतात, आणि घरात समुद्रकिनाऱ्यावरच्या मेलेल्या माशासारखा वास सुटतो. त्यातच लोकांचा धीर सुटतो. ब्लीचमध्ये घालवलेला आठवडा इथे वसूल होतो.

दगड एवढा स्वच्छ झाला, मग टँकचं सायकलिंग करायला नको ना?

उलट, सायकलिंग, म्हणजे अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू वसवणं, हमखास करायला हवं. ब्लीचने उपयोगी जिवाणूही मेले. आता हा दगड जिवाणूंना राहायला रिकामी जागा आहे, एवढंच. पिंपातच सुरुवात करा: अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या, बाटलीतले जिवाणू किंवा चालू टँकमधला थोडा फिल्टर मीडिया घाला. घातलेला अमोनिया २४ तासांत संपायला लागला आणि मागे नायट्राइटही उरला नाही, की दगड तयार. टँकमध्ये हलवताना मात्र आता ते वाळू द्यायचे नाहीत.

सिमेंटचे हाताने बनवलेले दगड मिळालेत. त्यांना हेच सगळं लागू?

ब्लीच आणि धुणं लागू. ॲसिड नको, सिमेंटची पकड सुटून दगड भुगाळ होतो. आणि पाण्याचा पीएच आठवडाभर मोजा. नीट न मुरलेलं सिमेंट पीएच ९ च्या पुढेही नेऊ शकतं, मग पाणी बदलत राहणं हाच उपाय.

दगड वाळलेले नाहीत, चालू टँकमधून ओलेच मिळतायत. मारून साफ करू का?

मोडण्याआधी तो टँक डोळ्यांनी बघता आला तर बघा. स्वच्छ, जुना, जांभळ्या कोरलाइनने भरलेला टँक असेल आणि ऐप्टेशिया दिसत नसेल, तर ते दगड ओलेच आणा, अंधाऱ्या पिंपात काही आठवडे नजरेखाली ठेवा आणि तसेच वापरा. असं जिवंत वैविध्य बाटलीतून येत नाही. ऐप्टेशियाचं रान माजलेलं असेल किंवा शेवाळामुळेच टँक मोडला असेल, तर वाळवा आणि ब्लीच करा. ‘थोडंसंच ऐप्टेशिया आहे, काढून टाकू’ हा आशावाद मला पटत नाही.

एवढं करूनही नव्या टँकमध्ये शेवाळ आलं. दगड नीट साफ झाले नव्हते का?

कदाचित झाले असतील. कोऱ्या दगडाच्या टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत तपकिरी डायटम, मग हिरवा थर, मग केसाळ शेवाळ असं काही ना काही येतंच, अगदी नवा दगड आणला तरी. फॉस्फेट मोजा. पाणी बदलूनही तो पुन्हा पुन्हा ०.२-०.३ पीपीएमवर चढत असेल आणि तुम्ही खाद्य बेतानेच देत असाल, तर दगड अजून सोडतोय. मग चालू टँकमध्ये जीएफओची लहान मात्रा, आणि आठवड्यातून एकदा मोजणी. फॉस्फेट ०.०५ च्या आसपास स्थिर असेल, तर दगडाला दोष देऊ नका. दिव्याचे तास कमी करा, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी वाढवा, आणि दगड पुन्हा ब्लीचमध्ये घालायचा विचार तूर्त सोडून द्या.